दुसरा आवाज

‘बुएना व्हिस्ता सोशल क्लब’ ही क्यूबन संगीताची ध्वनिमुद्रिका १९९७ साली आली. तिच्यातलं पहिलं गाणं ‘चान चान’. गाण्याचं नाव ठाऊक नसलेल्यांनीही ते कधीतरी कुठल्यातरी कॅफेत ऐकलेलं असतं. गिटारवर चार स्वरमेळ एकामागून एक संथपणे फिरत राहतात आणि त्यांवर एक कणखर, किंचित नाकात गाणारा आवाज सुरू होतो. हा आवाज एलियादेस ओचोआचा. त्याच्या खाली, जरा मागे उभं राहून गावं तसा, आणखी एक जाड, तंबाखूत मुरलेला आवाज ऐकू येतो. गाणं आहे या दुसऱ्या माणसाचं. शब्द त्याचे, चाल त्याची. १९९६च्या मार्चमध्ये हवानात हे ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तो ८८ वर्षांचा होता. स्वतःचं सगळ्यात गाजणारं गाणं गायची वेळ आली तेव्हाही त्याने मुख्य आवाज धाकट्याला देऊन खालची जागा घेतली. ती त्याची नेहमीची जागा होती, आणि जगभर त्याची ओळख झाली ती याच जागेच्या नावाने.

माणसाचं पाळण्यातलं नाव माक्सिमो फ्रान्सिस्को रेपिलादो मुन्योस. क्यूबाच्या पूर्व भागात, ज्याला तिथे ओरिएन्ते म्हणतात, मित्राला ‘कॉम्पाय’ अशी हाक मारतात. आपल्याकडे ‘गड्या’ म्हणतात तशी. सेगुन्दो म्हणजे दुसरा. कॉम्पाय सेगुन्दो म्हणजे जोडगाण्यात दुसरा आवाज लावणारा गडी.

हा दुसरा आवाज म्हणजे काय, ते आपल्या कानांना थोडं समजावून सांगावं लागतं. आपल्या भजनात बुवांनी ओळ म्हटली की टाळकरी तीच ओळ त्याच सुरांत उचलतात. क्यूबाच्या जोडगाण्यात दुसरा गायक त्याच क्षणी वेगळे सूर गातो. बहुतेकदा ते पहिल्याच्या सुरांपेक्षा तीन किंवा सहा स्वरांच्या अंतराने खाली असतात. कधी तो मुख्य चाल सोडून स्वतःचीच वाट धरतो आणि ओळीच्या शेवटी परत येऊन मिळतो. पहिल्याचा श्वास कुठे तुटणार, तो कुठली मात्रा लांबवणार, हे दुसऱ्याला आधीच कळावं लागतं. नीट जमलं तर ऐकणाऱ्याचं त्याच्याकडे लक्षच जात नाही, आणि बिघडलं तर मात्र लगेच जातं. ओरिएन्तेत या कामाला कमीपणा नव्हता. पहिला आवाज देवाने दिलेला असतो, दुसरा कमवावा लागतो, असं मला तरी या जोड्या ऐकताना वाटत आलं आहे.

माक्सिमोचा जन्म १८ नोव्हेंबर १९०७चा, सान्तियागो शहराजवळच्या सिबोनेय या समुद्रकाठच्या गावात. याच किनाऱ्यावर १८९८च्या जूनमध्ये स्पेनशी लढायला अमेरिकन फौजा उतरल्या होत्या. स्पॅनिश गेले, आणि तो जन्मला तेव्हा अमेरिकेची दुसरी लष्करी राजवट चालू होती. गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम २१ वर्षं झाली होती, आणि त्याची आजी स्वतः गुलामीतून सुटलेली होती. ती ११५ वर्षं जगली असं तो सांगत असे. तिला चिरूट पेटवून द्यायचं काम नातवाकडे होतं. पाच वर्षांच्या पोराने दोन झुरके मारून चिरूट पेटता करायचा आणि आजीच्या हातात द्यायचा. तेव्हापासून सुटलेला धूर नव्वदीपार टिकला. (डॉक्टरांना हे उदाहरण दाखवू नये.)

आजी गेल्यावर घर सान्तियागोला आलं. त्या काळचं सान्तियागो म्हणजे त्रोवा गाण्याचं माहेर. गिटार घेऊन स्वतःची गाणी स्वतः गात हिंडणाऱ्यांना त्रोवादोर म्हणत. हे लोक फाटके फकीर नव्हते आणि पेशेवर गवईही नव्हते. दिवसा कुठल्यातरी कारागिरीवर पोट आणि रात्री गाणं, असा त्यांचा शिरस्ता होता. या परंपरेचा मूळ पुरुष पेपे सान्चेस शिंपी होता. १८८०च्या दशकातलं त्याचं ‘त्रिस्तेसास’ हे पहिलं बोलेरो, म्हणजे संथ लयीतलं प्रेमगीत, मानलं जातं. मान्वेल कोरोना विड्या, म्हणजे चिरूट, वळायचा. पेपेचा शिष्य सिंदो गाराय तर सर्कशीत झोपाळ्यावर कसरती करून आलेला. हा सिंदो माक्सिमोच्या घरी येत-जात असे, आणि मोठी माणसं गात बसली की पोरगं कोपऱ्यात बसून गिटारवर बोटं कुठे पडतात ते बघत राही. पुढे सिंदो १०१ वर्षांचा होऊन १९६८ साली वारला. ओरिएन्तेच्या पाण्यात काहीतरी असावं.

पण माक्सिमोने रीतसर शिकलेलं पहिलं वाद्य गिटार नव्हतं. तो क्लॅरिनेट शिकला, स्वरलिपी वाचायला शिकला, आणि सान्तियागोच्या नगरबँडमध्ये वाजवू लागला. ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्याच्या पिढीतल्या कित्येक त्रोवादोरांना स्वरलिपी येत नव्हती. कानावर सगळं चाले. बँडमध्ये क्लॅरिनेटवाल्याला पुष्कळदा मधली पट्टी सांभाळायची असते: वर मुख्य चाल, खाली भरदार पितळी वाद्यं, आणि दोहोंमधली फट भरून काढायची. माक्सिमोचा कान तिथे घडला असावा असा माझा तर्क आहे, कारण गिटार हातात घेतल्यावर त्याने पहिली खटपट केली ती हीच मधली फट भरण्याची.

क्यूबाच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात जन्मलेल्या ‘सोन’ या नाचगाण्याचा कणा म्हणजे ‘ट्रेस’ नावाचं वाद्य. गिटारचाच हा देशी भाऊ; तीन जागी तारांच्या जोड्या, सूर टणक आणि धारदार. ट्रेसवर एकेक सूर तोडून वाजवतात, गिटार त्याला स्वरमेळांचा आधार देते. एकट्या माणसाला दोन्ही हवं असेल तर काय करायचं? माक्सिमोने तरुणपणीच सात तारांचं एक वाद्य जमवलं. गिटारच्या सहा तारांपैकी मधल्या ‘सोल’ला, म्हणजे जी स्वराच्या तारेला, त्याने जोडीदार तार दिली. त्या एका जागी ट्रेसची खणखण येते, बाकीच्या तारांवर गिटारचा भरणा तसाच राहतो. या वाद्याला त्याने ‘आर्मोनिको’ नाव दिलं आणि मरेपर्यंत तेच वाजवलं. ‘चान चान’मध्ये जो सूर गिटार म्हणावा तर जरा काचेसारखा वाजतो, तो कुठून येतो हे यावरून कळेल.

सोनच्या तालाचाही हिशेब एकदा हाताने करून पाहण्यासारखा आहे. लाकडाचे दोन आखूड दांडके एकमेकांवर आपटून जो ठेका धरतात त्याला क्लावे म्हणतात. आपल्या तीनतालासारख्या १६ मात्रा सावकाश मोजा आणि टाळी द्या ती १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या, दुसऱ्यात दोन. पहिल्या तीन टाळ्या समेपासून निसटू पाहतात आणि पुढच्या दोन ती गाडी रुळावर आणतात. गाणारा, वाजवणारा, नाचणारा, सगळे या पाच ठोक्यांशी बांधलेले असतात. दांडके प्रत्यक्ष वाजत नसले तरीही.

१९३४ साली माक्सिमो न्यिको साकितोच्या पथकाबरोबर हवानाला आला आणि तिथेच राहिला. पुढची वीस वर्षं म्हणजे दुसऱ्यांच्या पथकांतली नोकरी. ‘क्वार्तेतो आत्वेय’बरोबर त्याने मेक्सिकोचा दौरा केला. मग मिगेल मातामोरोसच्या पथकात तो बारा-एक वर्षं होता. हा मातामोरोस म्हणजे ‘लाग्रिमास नेग्रास’चा कर्ता, सोनमधला फार मोठा माणूस. त्याच्याकडे माक्सिमो गात नव्हता, क्लॅरिनेट वाजवत होता. त्याच पथकात एक कोवळा गायक आला, बेनी मोरे. १९४५ साली पथक मेक्सिकोला गेलं, परत येताना बेनी तिथेच थांबला आणि पाहता पाहता क्यूबाचा सगळ्यात लाडका आवाज झाला. क्लॅरिनेटवाला परत आला.

नाव मिळालं ते १९४०च्या दशकाच्या अखेरीस, लोरेन्सो इएर्रेस्वेलोबरोबर ‘लोस कॉम्पादरेस’ ही जोडी जमली तेव्हा. लोरेन्सो पहिला आवाज, म्हणून तो कॉम्पाय प्रीमो, माक्सिमो दुसरा. खेड्यातल्या गप्पा, ऊस, ओढे, टोमणे असली त्यांची गाणी हवानाच्या रेडिओवर धमाल चालली. गावाकडून पोटासाठी राजधानीत आलेल्या ओरिएन्तेच्या माणसांना ती घरची वाटत.

या लोरेन्सोची गंमत अशी की तो त्याच काळात मारिया तेरेसा बेरा या थोर गायिकेबरोबरही गात होता, आणि तिथे तो दुसरा आवाज होता. मारिया तेरेसा १९३०च्या दशकात ‘बेइन्ते आन्योस’ या गाण्याची चाल बांधून गेली. क्यूबात आजही ते न येणारा माणूस सापडणं कठीण. एकाच माणसाने सकाळी खालचा आवाज लावायचा आणि संध्याकाळी वरचा, यावरून या जागा मानाच्या उतरंडीतल्या नव्हत्या हे दिसतं. तो कामाचा भाग होता. ज्याच्याबरोबर गायचं त्याच्या गळ्याप्रमाणे जागा बदलायची.

१९५५च्या सुमारास जोडी फुटली. माक्सिमोच्या जागी लोरेन्सोचा भाऊ रेइनाल्दो आला आणि ‘लोस कॉम्पादरेस’ पुढेही चालू राहिलं. माक्सिमोने ‘कॉम्पाय सेगुन्दो आणि त्याची पोरं’ अशा अर्थाच्या नावाने स्वतःचं पथक काढलं. चार वर्षांत क्रांती झाली. पुढे रेकॉर्ड कंपन्या सरकारी झाल्या, पर्यटक आटले, जुन्या करमणुकीच्या जागा बंद पडल्या. नव्या देशाला नवी गाणी हवी होती. कॉम्पायसारख्यांवर कुणी बंदी घातली नाही. त्यांची मागणीच संपली. त्याच्याजवळ मात्र सान्तियागोच्या त्रोवादोरांसारखीच दुसरी विद्या होती. हवानातल्या एच. उपमानच्या कारखान्यात तो चिरूट वळत होता. सतराएक वर्षं त्याने हे काम केलं आणि १९७० साली तो निवृत्त झाला.

चिरुटांच्या कारखान्यांविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ओळीने मांडलेल्या बाकांवर वळणारे बसलेले असतात. हातात ‘चाबेता’ नावाचं अर्धगोल, बिनमुठीचं पातं. त्याने पान कापायचं, आतला मसाला जुळवायचा, वर रेशमी पानाचा वेठा घट्ट गुंडाळायचा, टोकाला गोंदाचा एक थेंब. आणि समोर उंच जागी एक माणूस बसून मोठ्याने वाचत असतो. ही वाचकाची नेमणूक क्यूबात १८६५ साली सुरू झाली. त्याला पगार मालक देत नसे, कामगारच वर्गणी काढून देत. आणि काय वाचायचं तेही कामगारच ठरवत. सकाळी वर्तमानपत्र, मग कादंबरी. अलेक्झांडर द्यूमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ने कामगारांना इतकं वेड लावलं की ‘मोन्तेक्रिस्तो’ हा चिरुटांचा छाप त्यावरूनच आला. वाचन पसंत पडलं की सगळे आपापल्या पात्याने बाकावर ठकठक करतात. टाळ्या वाजवायला हात मोकळा नसतो ना! म्हणजे जगाच्या हिशेबी कॉम्पाय ‘विस्मृतीत’ होता ती वर्षं त्याने बोटं कामात आणि कान गोष्टीत ठेवून काढली.

‘चान चान’ जन्मलं ते १९८०च्या दशकात, पंचाहत्तरी उलटून गेल्यावर. हे गाणं मी रचलं नाही, मला ते स्वप्नात पडलं, असं कॉम्पाय मुलाखतींत सांगत असे. गोष्ट मात्र स्वप्नातली नव्हे. ती लहानपणी खेड्यात ऐकलेली. चान चान आणि ख्वानिका हे जोडपं घर बांधायला काढतं, त्यासाठी समुद्रावरची वाळू आणायची असते. वाळू चाळताना ख्वानिका चाळणीबरोबर स्वतःही अशी हलते की बिचारा चान चान कामातून जातो. एवढीच ही चावट गोष्ट. आणि ध्रुपदात ओल्गीन प्रांतातल्या ऊसपट्ट्यातली मायारी, क्वेतो, मार्काने, आल्तो सेद्रो ही चार लहान गावं येतात. पर्यटक या गाण्यावर डोळे मिटून डोलतात तेव्हा त्यांना बहुधा काहीतरी हळवं, विरहाचं ऐकू येत असतं.

तसं वाटण्याचं कारण चालीत आहे. डी मायनर, एफ, जी मायनर, ए, हे चार स्वरमेळ अखेरपर्यंत तसेच फिरतात. मायनरमुळे छाया उदास पडते. चौथा स्वरमेळ कानाला असं ओढतो की पहिल्याकडे परतल्यावाचून गत्यंतर नाही. आणि तिथे टेकतो न टेकतो तोच चक्र पुन्हा निघतं. गाणं कुठे संपतच नाही, त्याला फक्त थांबवावं लागतं. वरची उदास छाया आणि आतली खट्याळ गोष्ट या दोन्हींचा मेळ बसवणं हे दुसऱ्या आवाजाच्या माणसाचंच काम म्हणायचं.

आता ‘शोध लागला’ या गोष्टीकडे येऊ. बाहेर सांगितली जाते ती कहाणी अशी: अमेरिकन गिटारवादक राय कूडर हवानाला जातो, त्याला कोपऱ्यात पडलेले म्हातारे सापडतात, तो त्यांना धूळ झटकून उभं करतो. ऐकायला छान आहे, पण कॉम्पायच्या बाबतीत खरी नाही. १९८९ साली तो एलियादेस ओचोआच्या ‘क्वार्तेतो पात्रिया’बरोबर वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या महोत्सवात गाऊन आला होता. सान्तियागो आउसेरोन या स्पॅनिश रॉक गायकाने जुन्या सोनचा ध्यास घेतला होता. त्याच्या खटपटीमुळे १९९०च्या दशकाच्या मध्याला कॉम्पाय स्पेनमध्ये गाजू लागला आणि १९९५ साली माद्रिदमध्ये त्याच्या गाण्यांचा मोठा संग्रह ध्वनिमुद्रित झाला. कूडर येण्याआधीची ही गोष्ट. हवानातही गायक-वादक हुडकून एकत्र आणण्याचं काम ख्वान दे मार्कोस गोन्सालेस या क्यूबन संगीतकाराने केलं होतं.

शिवाय मूळ बेत वेगळाच होता. ब्रिटिश निर्माता निक गोल्डला मालीतले वादक आणि क्यूबातले वादक एकत्र बसवायचे होते. मालीचे लोक पोचू शकले नाहीत. स्टुडिओ ठरलेला, कूडर आलेला. मग हाताशी होते त्यांना घेऊन जुनी गाणी करू, असं ठरलं. १९४०च्या दशकातल्या, लाकडी फळ्यांच्या, हवानातल्या एग्रेम स्टुडिओत सहा दिवसांत काम उरकलं. ध्वनिमुद्रिकेला ज्या सोशल क्लबचं नाव दिलं तो कृष्णवर्णीयांचा एक जुना मंडळवजा क्लब होता. वर्णभेदाच्या काळात गोऱ्यांच्या क्लबांत प्रवेश नसलेल्यांचा. क्रांतीनंतर अशा संस्था बंद झाल्या. ध्वनिमुद्रिकेला १९९८ साली ग्रॅमी मिळालं, लाखो प्रती खपल्या. निर्बंध असताना क्यूबात जाऊन काम केल्याबद्दल अमेरिकी सरकारने कूडरला २५,००० डॉलर दंड केला.

त्या ध्वनिमुद्रिकेत मला ‘चान चान’पेक्षाही जवळचं वाटतं ते ‘बेइन्ते आन्योस’. मुख्य आवाज ओमारा पोर्त्वोन्दोचा. मूळ मारिया तेरेसाच्या बाजूला लोरेन्सो जिथे उभा असायचा, तिथे इथे कॉम्पाय आहे. लोरेन्सो १९९३ साली गेला होता. त्याच्याशी जोडी फुटून चाळीस वर्षं झाली होती. ओमारा ओळ सोडते तिथे हा आत येतो, तिच्या पायाशी एक पायरी ठेवल्यासारखा, आणि ती पुन्हा चढली की बाजूला होतो. एकदा फक्त त्याच्याकडे कान देऊन ऐकावं.

जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सच्या याच नावाच्या १९९९च्या चित्रपटामुळे कॉम्पायचा चेहराही जगाला माहीत झाला: डोक्यावर पनामा हॅट, तोंडात चिरूट, उघड्या मोटारीतून हवानात हिंडत लोकांना क्लबचा पत्ता विचारणारा म्हातारा. मला पाच मुलं आहेत आणि सहाव्याच्या प्रयत्नात आहे, असं तो त्यात मिश्कीलपणे सांगतो. चित्रपटाने या लोकांना जरा जास्तच गोजिरवाणं केलं असा आक्षेप घेतला गेला, आणि तो मला पटतो. पडझड झालेलं शहर, गोड म्हातारे, जुन्या मोटारी. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाने जी उपासमारीची वर्षं काढली ती पडद्यामागेच राहतात. डॉलरसाठी देशाची दारं पर्यटकांना उघडली होती, आणि पर्यटकांना हेच चित्र हवं होतं. हवानाच्या हॉटेलांतली पथकं दिवसातून कितीदा ‘चान चान’ वाजवतात याची मोजदाद नको. मात्र या नव्या गिऱ्हाइकीची तक्रार खुद्द कॉम्पायने कधी केल्याचं दिसत नाही. त्याने मिळालेली वर्षं कामाला लावली. नव्वदी ओलांडल्यावर त्याच्या चार-पाच ध्वनिमुद्रिका आल्या. ‘कायये सालुद’मध्ये त्याने क्लॅरिनेट पुन्हा मांडवात आणले, फ्रेंच गायक शार्ल आझ्नावूरबरोबर गायला, केप व्हर्देची सेझारिया एव्होरा, अल्जीरियाचा खालेद यांच्याबरोबर जोडगाणी केली, व्हॅटिकनला पोपसमोर गाऊन आला.

आजीइतकी ११५ वर्षं जगायचा त्याचा इरादा होता. मूत्रपिंडं थकली आणि १३ जुलै २००३ला हवानात तो ९५व्या वर्षी गेला. दफन सान्तियागोला, सान्ता इफिखेनिया कबरस्तानात झालं; क्यूबाचा राष्ट्रपुरुष होसे मार्ती याची समाधी तिथेच आहे. त्याचं पथक त्याच्याच नावाने मुलांनी पुढे चालवलं, मुलगा साल्वादोर त्यात बास वाजवत आला आहे. पथकात क्लॅरिनेट आहेत, आणि सात तारांचा आर्मोनिकोही आहे.